वाघाची नखं आणि थंड चूल

१

मारणाऱ्याने वाघाच्या मिश्यासुद्धा सोडल्या नव्हत्या.

नदीपलीकडच्या जंगलात, एका खाडीच्या तोंडाशी, दुसऱ्या गावाहून आलेल्या खेकडे धरणाऱ्या दोघांना गुरुवारी दुपारी तो दिसला. दिसला म्हणजे नुसतं मांस दिसलं. कातडं सोललेलं, हाडं उपसून नेलेली, कवटी गायब. शेजारी विष घातलेलं अर्धं बकरं पडलं होतं. हे बाहेरच्या माणसाचं काम नव्हतं. मामा कुठल्या वाटेने पाण्यावर येतो हे बाहेरच्याला दहा जन्मांत कळलं नसतं. मामा म्हणजे वाघच. हेंतालखाली गावात त्याचं नाव कुणी तोंडाने घेत नाही.

शुक्रवारी सकाळी वनखात्याची लाँच आली. रेंजबाबू अनिरुद्ध हालदार उतरले, झडती सुरू झाली, आणि दहाच्या सुमाराला जटाधर सरदारच्या होडीत, पुढच्या फळीखाली, चिंधीत गुंडाळलेली चार नखं निघाली.

गाव अवाक झालं. जटाधर म्हणजे गावचा बाउले. मध काढणारी टोळी जंगलात उतरायची तेव्हा पहिला पाय त्याचा चिखलात पडायचा, आणि तो मंत्र म्हणून 'या' म्हणेपर्यंत मागचे होडीतून हलायचे नाहीत. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. त्याने वाघ मारावा म्हणजे गुरवानेच देव विकायला काढावा तसं झालं.

"बाबांनी नाही मारला," गर्दीतून आवाज आला.

ही खेंती, जटाधरची विधवा सून. खरं नाव क्षांतमणी. घरात चौथी मुलगी झाली तेव्हा देवाला 'आता पुरे' असं बजावण्यासाठी आईबापाने ठेवलेलं. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा सनातन मधाला गेला आणि मामाने त्याला नेलं. तेव्हापासून गावाने तिचं नाव पाडलं, नवराखाई. कारण नवरा जंगलात असताना बायकोने काही नियम पाळायचे असतात. केस विंचरायचे नाहीत, तेल-साबण लावायचा नाही. दिवसा चूल पेटवायची नाही. दार लावायचं नाही. आणि मिरच्या तर चुकूनही भाजायच्या नाहीत, इथला ठसका तिकडे नवऱ्याला लागतो म्हणतात. खेंतीने सगळं पाळलं होतं. पण कुणीतरी उठवलं की हिच्या हातात फणी पाहिली, आणि गावाला तेवढं पुरलं. सगळ्यांनी तोंड फिरवलं तेव्हा तिला घरात ठेवून घेतलं ते या म्हाताऱ्याने. फणीबद्दल मात्र तो कधी एक शब्द बोलला नाही. तिच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही.

"शनिवारपासून तापाने फणफणले होते," खेंती पुढे येऊन म्हणाली. "काल कुठे उठून बसलेत. होडी खाडीवर बांधलेली होती. नेली असेल कुणीही."

"कुणीही?" रेंजबाबूंनी वही उघडली. "जंगल बंद आहे, मधाचे परवाने पुढच्या आठवड्यात मिळतील. गावातले झाडून सगळे पुरुष आठवडाभर बांधाच्या कामावर होते, रोजची हजेरी आहे माझ्याकडे. जंगल जाणणारा आणि हजेरीत नसलेला माणूस एकच, तुझा सासरा. ताप पाहिला कुणी?"

"मी पाहिला."

गर्दीत हशा पिकला. सुधन्य गायेन खुर्चीवर बसला होता. खेकड्यांच्या आडतीचा मालक म्हणून गावात खुर्ची त्यालाच मिळायची. तो म्हणाला, "बाबू, हिने नवऱ्याची राखण केली नाही, ती आता सासऱ्याची साक्ष देणार!"

खेंतीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तीनला भरती चढेल," रेंजबाबू म्हणाले. "लाँच चिखलातून सुटली की यांना घेऊन जाणार. सात वर्षांची सजा आहे, बाई. या वयात..."

"तीनला वेळ आहे," खेंती म्हणाली. "तोवर मारणारा तुमच्यापुढे आणून उभा करते. नाही केला तर मलाही घाला लाँचमध्ये."

२

जंगलाची देवी बनबीबी, तिच्या ठाण्याच्या म्हणजे देवळाच्या ओट्यावर म्हातारा बसला होता. हात दोरीने बांधलेले, नजर नदीपल्याड. खेंतीने त्याच्या तोंडाला पाण्याचा गडू लावला.

"बाबा, तुमच्या वाईटावर कोण आहे?"

"वाईटावर कोण असणार गं, बउमा." बउमा म्हणजे सूनबाई, सात वर्षांत त्याने तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. "हां, महिन्यापूर्वी सुधन्य आला होता. म्हणाला, एका माणसाला जंगलात सोडून ये, कुठे-कशाला विचारू नकोस."

"मग तुम्ही?"

"म्हटलं, मामाच्या अंगणात मी चोर नेत नाही. चहा न पिताच गेला."

"हे रेंजबाबूंना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. सुधन्य म्हणाला, म्हातारा भ्रमिष्ट झालाय." म्हातारा हसला. "मला सजेची भीती नाही. पण मेल्यावर मला जाळताना हे लोक म्हणणार, यानेच मामाला मारलं, ते नाही सोसवत."

सनातन गेला तेव्हाही हा माणूस असा मोडला नव्हता. तिने पदर खोचला आणि निघाली. आधी ताप पाहिलेला माणूस शोधायला हवा होता.

आठवडाभरात घरी आलं कोण? कुणीच नाही, त्यांच्या घरी येतं कोण! सोमवारी दुपारी म्हाताऱ्याला बार्ली उकळून द्यायची होती आणि घरात काडी नव्हती, म्हणून ती शेजारच्या टगरीकडे विस्तव मागायला गेली होती. टगरी ही गावातली एकुलती एक बाई, जी अजून तिच्याशी बोलायची. रोज दुपारी दोघी एकत्र बसून भाजल्या मिरचीशी पांताभात, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, खायच्या. टगरीचा नवरा तारापद मधाची टोळी सोडून चार महिने केरळात गवंडीकामाला, तेव्हा तिलाही सोबत हवीच असायची. पण त्या दिवशी टगरी सताड उघड्या दारात पडली होती, केस पिंजारलेले, चूल थंडगार. 'डोकं धरलंय गं' म्हणाली आणि काडेपेटी फेकली. म्हणजे टगरीने ताप ऐकला होता, पाहिला नव्हता.

पाहिला होता एकानेच. गावचा वैद्य भूपेन कविराज मंगळवारी येऊन नाडी बघून गेला होता. पण सकाळी झडतीच्या वेळी तो तिथेच उभा होता आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

का बरं?

३

"मी? मी नाही आलो तुमच्याकडे," भूपेन कविराज म्हणाला. बोलताना त्याने एक बरणी हळूच मांडीमागे सरकवली.

"मंगळवारी आलात. बाबांच्या सांध्यांना कसलीशी चरबी चोळलीत, दोन अंडी घेऊन गेलात."

"कुणी पाहिलं?"

"कविराजकाका," खेंती शांतपणे म्हणाली, "ती मागची बरणी मामाच्या चरबीची ना? पंचवीस वर्षं विकताय. पलीकडे मामा सोलला गेलाय, रेंजबाबू घरोघर फिरतायत, आणि तुमच्याकडे बरणीभर मामाची चरबी. मीच जाऊन सांगते, म्हणजे त्यांना हेलपाटा नको."

"अगं ए भवाने! थांब!" कविराज धडपडत उठला. दार लावलं, खिडकीतून डोकावला आणि आवाज पाडून म्हणाला, "बोकडाची आहे."

"काय?"

"चरबी. बोकडाची. थोडा कापूर घालतो. मामाची चरबी मी जन्मात पाहिली नाही गं, लांबून मामा पाहून दोनदा धोतर ओलं केलंय मी!"

इतक्या सगळ्यातही खेंतीला हसू फुटलं. कविराजही ओशाळून हसला, मग काकुळतीला आला. "गावाला सांगू नकोस. लोकांना गुण येतो."

"मंगळवारी बाबांना ताप होता की नव्हता?"

"होता. अंगावर लाह्या फुटल्या असत्या. उभंसुद्धा राहवत नव्हतं."

"मग ठाण्यापुढे येऊन एवढंच सांगा. बोकडाचं मी बघते. आणि आणखी एक सांगा. हाडांबद्दल तुमच्याकडे कुणी चौकशी केली?"

कविराजाने जीभ चावली. "सुधन्य. पंधरा दिवस झाले. म्हणाला, काका, ओली हाडं किती दिवस टिकतात? मी म्हटलं, कुणाची? तर म्हणाला, सहज विचारतोय. म्हटलं मिठात घाल, महिनाभर टिकतील. परदेशात दारूत घालून पितात म्हणे, मर्दानगीला. मूर्ख लेकाचे! माझा बोकड काय वाईट आहे?"

खेंतीच्या डोळ्यांपुढे आडत उभी राहिली. ती तिथे खेकड्यांच्या नांग्या बांधायचं काम करायची. रविवारी जाड्या मिठाची दोन पोती उतरली होती. खेकडे चिखलात आणि ओल्या पाल्यात भरतात. मीठ लागलं तर कोलकात्याला पोचायच्या आत मरतात आणि मेलेला खेकडा कुणी फुकट घेत नाही. तिने विचारलं तर सुधन्य म्हणाला होता, सुनेला कैरीचं लोणचं घालायचंय. दोन पोती मिठाचं लोणचं!

ती आडतीवरून गेली. धक्क्यावर कॅनिंगच्या बाजाराला जायच्या टोपल्या रचलेल्या होत्या. काल बायकांनी मिळून चौदा भरल्या होत्या. आज तिने मोजल्या, तर सोळा होत्या. वाऱ्याबरोबर कुजक्या खेकड्यांचा वास आला.

"काय बघतेस गं?" सुधन्य आतून ओरडला. "आज काम नाही तुला. उद्याही नाही."

म्हणजे हाडं सुधन्यकडे होती. पण सुधन्यने वाघ मारला नव्हता. हा माणूस गुडघाभर पाण्यात उतरायला दुसऱ्याचा हात धरतो. त्याने पाठवलेला कुणीतरी होता, जंगल पाठ असलेला. आणि असे सगळे तर बांधावर माती टाकत होते. आता टोपल्या उघडायला लावल्या असत्या तर सुधन्यने हात वर करून सांगितलं असतं, म्हाताऱ्यानेच मारला, मी फक्त माल घेतला. नाव हवं होतं.

सूर्य डोक्यावर आला होता. खाडीत पाणी चढायला लागलं होतं.

४

टगरीच्या अंगणात शिरतानाच खेंतीला ठसका लागला. चुलीवर मिरच्या भाजल्या जात होत्या. टगरी न्हाऊन, तेल घालून, भांगात लालभडक सिंदूर भरून बसली होती. तारापद काल दुपारच्या लाँचने केरळाहून आला होता. अंगणात नवा कुकर आणि केळ्याच्या वेफर्सची पाकिटं मांडली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत म्हणून.

तारापद चटईवर पाय पसरून बसला होता. पायात पांढरे बूट आणि लांब पायमोजे, ऐन चैत्रात.

"ये खेंतीदी," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "ऐकलं सगळं. वाईट झालं. बाउलेकाकांनी या वयात असं करायला नको होतं."

"त्यांनी नाही केलं."

"नखं तर मिळाली ना होडीत."

"तू कधी निघालास तिकडून?"

"मंगळवारी. हे बघ, तिकीट. रेंजबाबूंनाही दाखवलंय." त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. साध्या डब्याचं तिकीट, त्यावर नाव नसतं. खेंतीने ते परत दिलं.

"बूट घालूनच बसलास?"

"तिकडे सवय लागली गं. तिथले लोक आपल्यासारखे चिखलात नाही फिरत." तो हसला. टगरीही कौतुकाने हसली.

"तिकडचा साहेबच झालाय तो," टगरी म्हणाली आणि एक मिरची चुरून भातावर घातली. "बस ना खेंती, दोन घास खा. देवा रे, सहा दिवस झाले, जिभेला तिखट नाही! नुसतं आळणी गिळत होते मी."

खेंतीचा हात थाळीपाशी थबकला.

चार महिने नवरा परगावी, आणि चार महिने ही बाई तिच्याबरोबर बसून मिरच्या भाजत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर दोघी हसायच्या. टगरी रोज संध्याकाळी फणी घेऊन बसायची. मग गेल्या शनिवारपासूनच काय झालं?

टगरीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. हातातली पळी खाली पडली. तारापदचं हसू गेलं.

"डोकं दुखत होतं ना माझं," टगरी घाईने म्हणाली.

"हो," खेंती म्हणाली. "सांगितलं होतंस."

ती उठली. टगरी दारापर्यंत मागे आली आणि तिने खेंतीचा पदर धरला. घट्ट धरून ठेवला. सात वर्षांत याच बाईने तिला हक्काने जेवायला बसवलं होतं. खेंतीला रडू आलं. तिने पदर सोडवून घेतला.

५

अडीच वाजता ठाण्यापुढे सगळं गाव जमलं. लाँच चिखलातून अर्धी उचलली गेली होती. भूपेन कविराजाने खाली मान घालून मंगळवारच्या तापाची साक्ष दिली.

"एका दिवसाचा ताप झाला," रेंजबाबू म्हणाले. "बाकीच्या दिवसांचं काय?"

"बाकीच्या दिवसांचं मी सांगते," खेंती म्हणाली. "पण आधी तारापदला पुढे बोलवा."

तारापद गर्दीच्या पार कडेला, रस्त्यावर उभा होता. "मला कशाला?"

"चार महिन्यांनी गावात आलास. परतलेला माणूस आधी बनबीबीच्या पाया पडतो, मग घरचं पाणी पितो. तू कालपासून आला नाहीस. ये ना, पाया पड."

"पडेन नंतर."

"आत्ता का नाही? ठाण्यावर बूट काढावे लागतात म्हणून?"

गर्दी चुळबुळली. सुधन्य खुर्चीवरून गरजला, "बाबू, या बाईचे खेळ किती वेळ बघायचे? भरती आली!"

"भरती कुठे पळून जात नाही," रेंजबाबू म्हणाले. त्यांची नजर पांढऱ्या बुटांवर होती. "बोल गं."

"बाबू, तुम्ही कोलकात्याचे. आमच्यात नवरा जंगलात असला की बायकोला काय काय पाळावं लागतं ते या गावाला विचारा. मला तर सात वर्षं रोज ऐकवलंय त्यांनी." खेंती बायकांच्या घोळक्याकडे वळली. "जंगल बंद. कुणाचाच नवरा तिकडे नाही. मग गेल्या शनिवारपासून कालपर्यंत या गावात एका घरची चूल दिवसा थंड का होती? तिथली बाई केस पिंजारून, दार उघडं टाकून का पडली होती? नवरा केरळात असताना चार महिने ती रोज मिरच्या भाजत होती, माझ्याबरोबर. केरळासाठी हे नियम नाहीत, बाबू. हे नियम फक्त जंगलासाठी आहेत."

सगळ्या माना टगरीकडे वळल्या.

"टगरी," खेंती तिच्याकडे वळली. "बनबीबीसमोर एवढंच म्हण, की सोमवारी तू मिरच्या भाजल्यास. तू म्हणालीस तर मी गप्प बसते आणि जाते लाँचमधून."

टगरीने मूर्तीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. शब्द आला नाही. देवीसमोर खोटं बोललं तर पुढच्या खेपेला नवरा परत येणार नाही, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं होतं.

"केस न विंचरणं हा काही पुरावा नाही," रेंजबाबू हळूच म्हणाले.

"कोर्टात नसेल. मग बूट काढायला सांगा. जंगलाच्या चिखलातून मुळांचे सुळके वर आलेले असतात, भाल्यासारखी. विषाचं बकरं खांद्यावर घेऊन जाणारा बघून पाय टाकू शकत नाही. गवंड्याचे पाय चुन्याने फाटतात, बाबू. त्यांना गोल भोकं पडत नाहीत."

तारापद वळून पळाला. चार पावलांतच लंगडला. बांधावर काम करून आलेल्या पोरांनी त्याला धरून ओट्यावर आणलं, बूट ओढले, मोजे उतरवले. दोन्ही तळव्यांना आणि नडग्यांना गोल, पिकलेल्या जखमा होत्या. जंगलात जाणाऱ्या प्रत्येक घराला त्या खुणा माहीत होत्या, समजावून सांगायची गरज पडली नाही.

"सगळ्यांना फसवलंस," खेंती त्याला म्हणाली. "दुसऱ्याचं तिकीट, बाबांची होडी, तिच्यात पेरलेली नखं, सगळं चोख केलंस. पण बायकोला फोन करून 'नियम पाळ' म्हटल्याशिवाय पलीकडे पाय ठेवायची तुझी छाती झाली नाही. रेंजबाबूंशी खोटं बोललास, मामाशी बोलायची हिंमत नव्हती."

"माल कुठे आहे?" रेंजबाबूंनी विचारलं.

खेंती म्हणाली, "धक्क्यावर सोळा टोपल्या आहेत. आम्ही चौदा बांधल्या. ज्या दोन टोपल्यांतले खेकडे मेलेत आणि ज्यांतून खारट पाणी गळतंय, त्या उघडा. सुधन्यबाबूंच्या सुनेचं लोणचं निघेल."

सुधन्य खुर्चीवरून उठला, पण उठून जाणार कुठे? लाँचवरचे दोन शिपाई आधीच त्याच्या मागे होते. टोपल्या ठाण्यापुढे आणून उपड्या केल्या. वर चार बोटं मेलेले खेकडे, खाली मीठ, आणि मिठात घडी केलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कातडं. मग हाडं. शेवटी कवटी घरंगळत ओट्याच्या पायरीला लागून थांबली.

म्हाताऱ्या जटाधरने बांधलेले हात जोडले.

"मध!" टगरी एकदम किंचाळली. ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "मला म्हणालास, परवान्याशिवाय मध काढायला जातोय! मी सहा दिवस आळणी गिळलं, दारात पडून राहिले, तू जिवंत यावास म्हणून. आणि तू मामाला मारत होतास? मी याच्यासाठी पाळलं?"



६

बेड्या तारापद आणि सुधन्यच्या हातात गेल्या. कुणीतरी जटाधरची दोरी सोडली. जमलेल्या बायका खेंतीकडे बघत होत्या, आणि कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं.

खेंतीला सुचत होतं.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "टगरीने सगळे नियम पाळले आणि मामाला मारणारा धडधाकट परत आला. मीही सगळे पाळले. माझ्या माणसाने मुंगी मारली नव्हती, तो नाही आला. मग सांगा, कुणाची फणी आडवी आली? सात वर्षं नवराखाई म्हणालात. ज्यांनी माझ्या हातात फणी पाहिली त्यांनी या ठाण्यावर हात ठेवून सांगावं."

कुणी पुढे आलं नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी पदराने तोंड झाकून निघून गेली. एवढंच.

रेंजबाबूंनी घसा खाकरला. उरलेल्या देहाचा पंचनामा व्हायचा होता आणि ती खाडी दाखवायला माणूस हवा होता. "बाउलेबाबा, येता का? उन्हं आहेत तोवर परत आणून सोडतो."

जटाधर उठला. पुढे केलेली काठी त्याने नाकारली. लाँचच्या फळीवर पाय ठेवला आणि वळला.

"बउमा."

"हां, बाबा."

"मी जंगलात चाललोय. घरी जा. केसांना तेल लाव, नीट विंचर. चूल पेटव." तो मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलत होता. "आणि मिरच्या भाज. भरपूर भाज."

"बाउलेकाका, काय बोलता हे? तुम्ही पलीकडे चाललात!" कुणीतरी ओरडलं.

"चाललोय. माझी सून कधी चुकली नाही. सनातन गेला तेव्हाही मला ठाऊक होतं. मी बोललो नाही, भ्यालो तुम्हाला. ते पाप माझं, तिचं नाही." लाँच सुटली.

खेंती घरी आली. दार लावून घेतलं. उंबऱ्याशी बसून सात वर्षांत पहिल्यांदा भरपूर तेल घातलं, जटा सोडवता सोडवता रडली आणि विंचरत राहिली. मग चुलीत लाकडं घातली. टगरीची काडेपेटी अजून परत करायची राहिली होती. तिनेच चूल पेटवली. सुपातल्या सगळ्या मिरच्या तव्यावर टाकल्या. धूर खिडकीतून निघाला, अंगण ओलांडून शेजारी गेला. टगरीचं दार आतून बंद होतं. त्या दारामागून खोकल्याची उबळ ऐकू आली, थोडा वेळ थांबली, परत आली.

उन्हं कलली तेव्हा बांधावर पावलं वाजली. जटाधर चिखलाने गुडघ्यापर्यंत माखला होता. त्याने उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि तीन वेळा सणसणीत शिंकला.

"संपल्या का गं मिरच्या?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"चार आहेत."

"त्याही टाक," म्हातारा म्हणाला, आणि भिंतीला टेकून जेवायला बसला.